बघणाऱ्यांची टेकडी

सोमवार

निघालो एकदाच्या! गेली कित्येक वर्षं मी आणि धाकटी 'या वेळी नक्की' म्हणत होतो आणि दर वेळी माशी कुठंतरी शिंकत होती. आज पहाटे बाबांची जुनी निळी गाडी काढली. तिचा डावा दिवा फुटलेला आहे, पण बाकी ठणठणीत. मागच्या सीटवर पाण्याचे कॅन, धाकटीचे रंग, माझी हत्यारांची पेटी आणि बिस्किटांचे इतके पुडे की दुकान टाकता येईल.

बेत साधा आहे. शहरातून निघायचं, वाटेत जेवढी चित्रं, शिल्पं, रंगवलेल्या भिंती भेटतील तेवढ्या बघायच्या आणि शेवटी वाळवंटात म्हाताऱ्या शिल्पकाराच्या टेकडीवर पोचायचं. त्याचे हात आता थरथरतात. प्लास्टरचं काम जाणणारं माणूस आठवडाभर हवंय, राहणं-खाणं त्याच्याकडे, असा त्यानं आमच्या संग्रहालयात निरोप पाठवला होता. मी तिथं दुरुस्ती विभागात आहे. तुटलेली नाकं बसवणं हा माझा धंदा, म्हणून धाकटी मला 'नाकवाली' म्हणते.

परत गेल्यावर धाकटीला नाट्यगृहाची अख्खी भिंत रंगवायची आहे. तिचं पहिलं मोठं काम. त्याआधी डोळे भरून बघून घेते, म्हणते. निघताना आईनं दारात एकच ऐकवलं, की हिला जशी नेतेस तशी परत आण. मी म्हटलं, आई, चोवीस वर्षांची घोडी आहे ती, काचेचं भांडं नाही. आई हसली नाही.

मंगळवार

गाडी आळीपाळीनं चालवतो. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते, हे इथं लिहिते, तिला सांगणार नाही. ती चालवत असते तेव्हा मी ही वही उघडते.

आज एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात मांडलेलं प्रदर्शन पाहिलं. भंगारातल्या पत्र्याचे पक्षी होते. धाकटी तासभर एकाच पक्ष्यासमोर उभी राहिली, माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले तरी हलेना. मग वाळू सुरू झाली आणि गावं संपत गेली. शेवटच्या पेट्रोलपंपावर एक सुरेख पाटी होती, पण अर्धीच रंगवलेली. मालकानं सांगितलं की रंगाऱ्याचे डोळे गेले. धाकटीला वाईट वाटलं. उन्हानं गेले असतील, म्हणाली, आणि स्वतःचा काळा चष्मा शोधायला लागली.

बुधवार

पोचलो. लांबलचक पत्र्याची शेड, शेजारी दोन खोल्या, मागं टेकडी. टेकडीभर प्लास्टरची बसलेली माणसं, सगळी पूर्वेकडं तोंड करून, सगळ्यांचे डोळे उघडे. इतके जिवंत डोळे मी संग्रहालयातही पाहिले नाहीत.

म्हातारा गोड आहे. हात सतत हलतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. घर एक मावशी सांभाळतात. त्यांनाही दिसत नसावं, जाड काळा चष्मा लावतात आणि भिंतीला हात लावत चालतात. पण गंमत अशी की दारातच म्हणाल्या, निळी गाडी ना, एक दिवा फुटलेली? टेकडीवरून येताना दिसली. टेकडीवर तर कुणीच नव्हतं. कुणीतरी सांगितलं असेल त्यांना.

आमच्या खोलीत दोन खाटा आहेत. उशा दगडासारख्या, पण झोप येतेय.

गुरुवार

म्हाताऱ्याची रीत आहे, येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा ठेवून घ्यायचा. आठवण म्हणून. आज आमची पाळी. भुवयांना तेल लावलं, नाकात नळ्या घातल्या, चेहऱ्यावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या. धाकटी आतून हसत होती, त्यामुळं तिचा साचा दोनदा घ्यावा लागला. संध्याकाळी दोन्ही चेहरे ओतून तयार. तिच्या ओठात हसू राहिलंय. माझा चेहरा बिल भरायला रांगेत उभ्या असलेल्या बाईसारखा.

जिवंत माणसाचा साचा घेतला की डोळे मिटलेलेच येतात, त्याला इलाज नाही. मग कारागीर पापण्या कोरून ते उघडतो. आमच्यात डोळे उघडल्याशिवाय त्याला काम म्हणतच नाहीत, नुसता गोळा म्हणतात. म्हाताऱ्याला मी त्यासाठीच हवी आहे. शेडच्या फळीवर मिटल्या डोळ्यांचे पुष्कळ चेहरे वाट बघत पडलेत.

शुक्रवार

पाच चेहऱ्यांचे डोळे उघडले. हात छान चालला. म्हाताऱ्याला माझी युक्ती दाखवली. बुबुळ रंगवायचं नाही, छोटा खोल खड्डा कोरायचा, कडेला एक कण ठेवायचा. खड्ड्यात सावली साचते आणि ती सावलीच बघते. तो अगदी जवळ येऊन, माझ्या हाताकडं बघत राहिला. पुन्हा दाखव म्हणाला. पुन्हा दाखवलं.

धाकटी दिवसभर टेकडीवर चित्रं काढत होती. जेवताना मावशींनी तिला विचारलं, तुझा चेहरा अजून मिटलेलाच आहे ना? मग म्हणाल्या, उद्याच निघा. आम्हाला वाटलं, दोन तोंडं जास्त झाली त्यांना.

शनिवार

आज धाकटीचे डोळे उघडले. म्हणजे प्लास्टरचे. तिनंच हट्ट धरला, की नाकवाले, माझं काम परक्यासारखं रांगेत ठेवू नकोस. सगळी माया ओतून केलं. माझ्या हातून आजवर झालेलं सगळ्यात चांगलं काम. तिनं पाहिलं आणि मला मिठी मारली.

संध्याकाळपासून तिचे डोळे चुरचुरताहेत. प्लास्टरची धूळ गेली असेल. पाण्यानं धुतले.

रविवार, सकाळ

तिचे डोळे उघडत नाहीयेत.

आधी ती हसली, म्हणाली गोंद लावलास का झोपेत. मी कोमट पाण्यानं शेकलं, बोटानं पापणी उचलायचा प्रयत्न केला. पापणीला कडच नाही. वरची आणि खालची एकच कातडी झालीय, गालासारखी. मी तिला हे सांगितलेलं नाही.

आणि तिला दिसतंय. अंधार नाही, म्हणते. पत्रा दिसतोय, पत्र्याला गंजून पडलेलं भोक, खाली फळीची कड. आम्ही खोलीत आहोत. खोलीला पत्रा नाही. ते सगळं शेडमध्ये आहे. तिचा चेहरा ठेवलाय त्या फळीवरून तेच दिसतं.

फोनला रेंज नाही. तिला घेऊन निघायचं. सामान बांधते.

रविवार, दुपार

मी सामान बांधत होते तेव्हा म्हाताऱ्यानं तिचा चेहरा हातगाडीवर घालून टेकडीवर नेला. एका बसलेल्या धडावर सिमेंटनं बसवला. सूर्याकडं तोंड करून.

धाकटी किंचाळायला लागली. डोळ्यांवर हात दाबत होती, उशी दाबत होती, काही उपयोग नाही. ऊन, ताई, ऊन, मिटता येत नाहीये, एवढंच. मिटणार कशी? मीच तर उघडले. पापणी मिटेल अशी जागाच ठेवली नाही मी.

धावत टेकडीवर गेले आणि माझा शर्ट काढून त्या चेहऱ्यावर टाकला. खालून तिचा आवाज थांबला.

मग माझं लक्ष शेजारच्या मूर्तीकडं गेलं. मावशी होत्या. तरुणपणच्या.

रविवार, संध्याकाळ

मावशींनी सांगितलं. त्याही कारागीर होत्या. म्हाताऱ्याचे हात बिघडल्यावर त्याच डोळे उघडायच्या, आणि सगळं कळल्यावर थांबल्या. तेव्हा त्यानं कसेबसे त्यांचेच उघडले. तेव्हापासून त्या फक्त टेकडीवरून बघताहेत. रोज सूर्य उगवताना. रोज दुपार. त्यांचं सिमेंट दगड झालंय, त्या आता निघत नाहीत.

म्हाताऱ्याला जाऊन धरलं, गळाच धरला. तो घाबरला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, इथं सगळे येतात, बघत कुणी नाही. फोटो काढतात आणि जातात. एवढं मोठं वाळवंट, कुणीतरी बघायला नको का?

शुक्रवारचे पाच चेहरे. ते कोण होते? कुठल्या घरात, कुठल्या रस्त्यावर— आणि त्यांच्या हाताला धरायला कुणी आहे का? पेट्रोलपंपाचा रंगारी. मी पाच रंगारी केले. हे आता लिहू शकत नाही.

धाकटीला टेकडीवर नेऊन शेजारी बसवलं आणि तिच्या प्लास्टरच्या चेहऱ्याचे डोळे परत बुजवून पाहिले. कोरड्या प्लास्टरवर ओलं बसत नाही, आधी भिजवावं लागतं. प्यायचं पाणी ओतलं, अर्धा कॅन. बसलं! तिच्या खऱ्या पापणीला कड आली, फट उघडली, तिनं माझा हात पाहिला, नाकवाले म्हणाली. मग वारा सुटला, भराव सुकला आणि खपली पडावी तसा पडला. पुन्हा केलं. पुन्हा पडला. आता पाणी जपायला हवं.

सोमवार, सकाळ

एक सुचलंय. तिची नजर त्या चेहऱ्यातच आहे, तो फुटला तर तीही गेली. चेहरा बरोबर आला तर—

तिचं सिमेंट अजून ओलसर आहे. कालचंच. छिन्नीनं हळूहळू सोडवते. देवा, हात स्थिर ठेव.

सोमवार, दुपारच्या आत

निघाला! धक्का नाही, तडा नाही. शालीत गुंडाळून धाकटीच्या मांडीवर दिला. मावशींनी एकच मागितलं, जाताना त्यांच्या मूर्तीवर काहीतरी टाका. चादर बांधली, गाठी घट्ट मारल्या. त्या दारात उभ्या राहून रडल्या. म्हणाल्या, किती गार वाटलं.

म्हातारा शेडच्या दारात होता. अडवलं नाही. हात हलवला. तो का अडवत नाही, हे मनात येतंय, पण थांबायला वेळ नाही.

सोमवार, रस्त्यावर

पाच मिनिटं थांबलोय, इंजिन तापलंय.

रस्ता नुसता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला मी तिच्या मांडीकडं बघते. प्लास्टर आहे, चिनीमातीपेक्षा नाजूक. आईला म्हटलं होतं, काचेचं भांडं नाही.

धाकटीनं शाल बाजूला केली आणि चेहरा काचेकडं फिरवला. म्हणाली रस्ता दिसतोय. डावीकडं खांब, पुढं पंपाची अर्धी पाटी असेल आता. ती चक्क हसली. म्हणाली, नाट्यगृहाची भिंत अशीच रंगवीन, चेहरा शिडीला बांधून. मी पण हसले. रडले पण. घरी नेईन, संग्रहालयात सगळ्यांना कामाला बसवीन, काहीतरी निघेल. निघेलच.

सोमवार

गाडी कडेला घेतली. माझा डावा डोळा चुरचुरतोय. वाळू.

वाळू नाही.

माझा चेहरा. गुरुवारचा. फळीवर राहिला. शेडमध्ये त्याच्या जवळून दोनदा गेले, उचलला नाही. डोळे न उघडलेला, नुसता गोळा— कामच नव्हतं ते, म्हणून लक्षातच— आमच्यात कुणी मोजत नाही.

पण म्हाताऱ्याचे हात तर थरथरतात. त्याला कुठं जमणार, असं—

मी युक्ती दाखवली. दोनदा.

डावा मिटला. हात लावून पाहिलं. कड नाही.

डाव्यानं पत्रा दिसतोय. गंजलेलं भोक. त्याची हनुवटी. सगळं तिरकं, त्यानं वाकडा कोरलाय. उजव्यानं ही वही दिसते अजून. भराभर लिहिते.

धाकटीला सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, परत फिरू, तुझा आणू. नाही. तिला सांगितलं, आई काय म्हणाली होती ते. चूप बस म्हटलं, मी मोठी आहे.

तिचा चेहरा डॅशबोर्डवर बांधला. शालीनं, दोन गाठी, कपाळ काचेला टेकवून. तिला बसवलं माझ्या जागी. रस्ता दिसतो का विचारलं. दिसतो म्हणाली. गाडी चालू केली तिनं. चालवतेय! हळू, खड्डे चुकवत. माझ्यापेक्षा चांगली चालवते, आत्ता तिला सांगितलं.

तो फुंकर मारून धूळ उडवतोय. मी पण तशीच मारते. चाकू उजव्या बाजूला आला. त्याचा हात थरथरतो— पुन्हा पुसतोय—

पाटी दिसली म्हणते धाकटी. पंप आला. घरी जाईल ती. आई, हिला आणतेय, जशी नेली तशी नाही, पण आण—

उजवा चुर