सात नंबरचं रक्त

३ मार्च, सोमवार

भूक आवरली नाही! आज नऊला माझं रक्त काढलं. लॅबला बारा निरोगी माणसं हवी होती, मिळाली अकरा. मी इथला नळ्या धुणारा. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "तू दिसतोस ठणठणीत, बस." अट एकच — रात्रीपासून उपाशी. आणि मी आठ वाजताच चार पाव, बोटभर लोणी आणि दोन अंडी हाणलेली. तरी फॉर्मवर 'उपाशी'पुढे ठोकून खूण केली. चार पावांनी कोणाचं काय बिघडतं?

४ मार्च

दोनशे दहा नळ्या धुतल्या. बास.

६ मार्च, गुरुवार

आज ताईला विचारलंच, या रक्तात शोधता तरी काय? (ताई म्हणजे मॅडमच्या हाताखाली संशोधन करते ती. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण चष्म्यामुळे वीस वाटतात.) म्हणाली, "आपल्या पेशी बाहेर बारीक बारीक पुड्या सोडतात. पुडीत काय आहे त्यावरून पेशीची खबर लागते." किडनीच्या रोग्यांच्या पुड्या निरोगी माणसापेक्षा वेगळ्या असतात का, ते ती बघते.

म्हणजे माझ्या अंगात कुरियर कंपनी चालू आहे आणि मला पत्ता नाही!

नळ्यांवर नावं नसतात, नुसते नंबर. तपासणाऱ्याला माणूस कळला तर डोळा हवं तेच बघतो म्हणे. नंबर कोणाचा ती यादी माझ्या कपाटात, कुलपात. मी आठवीत शाळा सोडलेला, म्हणून. मला कळून तरी काय उपयोग, असा मॅडमचा विचार. असू दे. किल्ली माझ्याकडे आहे!

१० मार्च, सोमवार

ताई पळतच आली. "सात नंबर बघितलास? सगळ्यांच्या तिप्पट पुड्या!"

सात नंबर मी.

ती आपली बोलतेच आहे — "खेळाडू असणार रे हा. पहाटे उठणारा. खाणं मोजूनमापून." मी कालचाच शर्ट घालून शेजारी उभा, कोपरापर्यंत फेस. म्हटलं, "असेल बुवा."

११ मार्च

आईला फोनवर सांगितलं, माझं रक्त तिप्पट निघालं. आधी घाबरली. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांवर गेलायस. तुझ्या बापाकडच्यांत काय आहे तिप्पट? घोरणं!" संध्याकाळी मावशीचा फोन. मग मावसभावाचा. गल्लीत बातमी पोचली. आरशात जरा जास्तच वेळ गेला आज.

१२ मार्च, बुधवार

मेलो.

बेसिनच्या वर मॅडमनी नियमांचा कागद चिकटवलाय. संशोधन कसं करायचं, काय काय लिहून ठेवायचं, सगळं आहे त्यात. नळ्या घासताना मी वाचतो, दुसरं करायचं काय! आज नववा नियम नीट वाचला. खाल्ल्यावर रक्तात चरबीचे गोळे तरंगतात, आणि मशीन त्यांनाही पुड्या समजून मोजतं. म्हणून उपाशी रक्त. शिवाय खात्रीसाठी साबणाची चाचणी — त्यांच्या त्या खास साबणाने खऱ्या पुड्या फुटतात, चरबी बहुतेक तशीच राहते.

म्हणजे तिप्पट मी नाही. तिप्पट ते लोणी!

ताईला हळूच विचारलं, "साबणाची चाचणी झाली?"

"वेळ कुठाय? शुक्रवारी लेख पाठवायचाय. अख्खा लेख सात नंबरवर उभा आहे माझा!"

बोललो तर नोकरी जाणार. नाही बोललो तर ही पोरगी चार मोठ्या लोकांसमोर उभी राहून माझ्या नाश्त्यावर भाषण देणार.

१४ मार्च, शुक्रवार

बोललो. लेख पाठवायला तास उरला होता. "ताई, सात नंबर म्हणजे मी. आणि मी उपाशी नव्हतो."

ती हसली. मग माझं तोंड बघून थांबली. "काय खाल्लं होतंस?"

सांगितलं.

"चार?"

तेवढ्यात मागे मॅडम. "फॉर्मवर खूण कोणी केली?" मी. "का?" म्हटलं, "भूक लागली होती, मॅडम." मग त्या ताईकडे वळल्या. "आणि साबणाची चाचणी?" ताई जमिनीकडे बघायला लागली. मीही बघितलं. फरशी स्वच्छ होती, मीच पुसलेली.

लेख थांबला. नोकरी राहिली — का, ते विचारायची हिंमत नाही. बाराही जणांचं रक्त परत काढायचं.

१७ मार्च

ताई बोलत नाही. काम सांगायचं तर चिठ्ठी ठेवते. आजची चिठ्ठी — 'नळ्या. शंभर. लोणी न लावता.' म्हणजे राग उतरतोय.

१८ मार्च, मंगळवार

सगळ्यांचं रक्त परत काढलं. मी दारात उभा राहून एकेकाचं तोंड हुंगत होतो. मॅडमचाच हुकूम. पाच नंबरचा वॉचमन नोकरी सोडून गेलाय, त्याच्या जागी मॅडम स्वतः खुर्चीत बसल्या. बाही वर करत मला म्हणाल्या, "हुंग. मला काय सूट आहे?" हुंगलं! ताई तेव्हा बर्फ आणायला गेली होती.

२१ मार्च, शुक्रवार

ताई बोलली! सात नंबर अगदी साधा निघाला. पण पाच नंबरच्या पुड्या हुबेहूब किडनीच्या रोग्यांसारख्या. साबणाची चाचणी दोनदा केली, दोन्हीदा फुटल्या. खऱ्याच आहेत. ती म्हणते, एवढ्यावरून आजार ठरत नाही, पण त्या माणसाने डॉक्टरला दाखवलेलं बरं. "यादी बघून सांग ना त्याला, कोण आहे तो." मॅडम पलीकडच्या टेबलावर लिहीत बसल्या होत्या.

यादी बघायची गरज नव्हती. तरी कपाट उघडून उभा राहिलो.