दोन गुण कमी

ती. मावशीस,

पलंगावरूनच साष्टांग नमस्कार. (नाहीतरी आठही अंगं टेकायची तर आडवंच व्हावं लागतं, आणि मी काल शाळेतून आल्यापासून आडवीच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही गेले. रिकाम्या वेळात सरकारी शाळेतल्या एखाद्या पोरीला शिकव, तेवढंच पुण्य, असं तूच म्हणाली होतीस. पुण्य कुठे साठतं ते कळलं नाही, पण दुखणं गुडघ्यात साठतं. तिथला बाक दुसरीतल्या मुलांच्या मापाचा आहे आणि माझी उंची तुला ठाऊक आहेच.

तर विद्यापीठाने आम्हा स्वयंसेवकांना दोन तासांचं प्रशिक्षण, एक बिल्ला आणि एक नियम दिला. नियम असा, की मुलाला पस्तीस गुण पडले की शिकवणी बंद, जागा दुसऱ्याला. माझ्या वाट्याला सहावीतली एक मुलगी आली आणि खोली म्हणून खेळाच्या सामानाची कोठी. हवा गेलेल्या चेंडूंच्या ढिगाशेजारी बसून दर गुरुवारी आम्ही अपूर्णांक करतो. बरोबर पाचला शिपाईकाका किल्ल्या वाजवत दारात उभे. (एकदा दहा मिनिटं मागितली, तर म्हणाले, बाहेरून कुलूप घालून जातो, तुम्ही शिका सकाळपर्यंत.)

मुलगी चुणचुणीत. विचारायचा अवकाश, उत्तर तयार. पण चाचणीत तेहतीस. मी म्हटलं, घाबरली असेल. पुन्हा पहिल्यापासून सगळं शिकवलं. दुसऱ्या चाचणीत तेहतीस. मग रंगीत कागदाच्या चकत्या कापल्या, बोटांना कात्रीचे फोड आले, माझा स्वतःचा निबंध द्यायचा राहिला. तिसऱ्या चाचणीत तेहतीस. मावशी, खरंच सांगते, खोट माझ्यातच आहे असं वाटायला लागलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. त्यात आपटली असती तर पोर पुन्हा सहावीतच बसली असती.

शाळेकडून मला नुसता आकडा कळायचा. गेल्या गुरुवारी मात्र वर्गशिक्षिकेच्या मागे लागून तिन्ही पेपर मिळवले. अवघड गणितं बरोबर, सोपी चूक. उजेडात धरले तर प्रत्येक चुकीच्या उत्तराखाली बरोबर उत्तर खोडलेलं. बाईसाहेब आधी सगळा पेपर बरोबर सोडवायच्या, गुण मोजायच्या आणि तेहतीस उरतील इतकं खोडायच्या. इतकं काटेकोर नापास व्हायला शंभरातलं शंभर यावं लागतं. (मला ते कधी जमलं नाही. मी आपली अंदाधुंद नापास झाले.)

असं का गं केलंस, म्हणून विचारलं. तिने ढिगातला एक चेंडू उचलून दाबला. मग म्हणाली, "पास झाले की तुम्ही येणार नाही. घरी माझी वही कुणीच बघत नाही."

मला भडभडून आलं आणि त्याच वेळी तिला एक धपाटा घालावासाही वाटला. शेवटी शब्द दिला, की पास झालीस तरी मी येईन. नुसत्या तोंडी शब्दावर तिचा विश्वास नाही. वहीत लिहून घेतलं, सुट्टीतले गुरुवारही त्यात घालायला लावले, आणि मग खाली सही. काल तिची परीक्षा झाली. पेपर कसा गेला ते विचारायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

काकांना नमस्कार. गुडघा शेकत जा.

तुझी,
गळून गेलेली भाची

ता. क. सुट्टीत घरी येणं आता होणार नाही. हे आईला तू सांग. मी सांगितलं तर ती पहिल्या गाडीने इथे येऊन थडकेल. एवढं लांबलचक पत्र लिहिलं ते खरं यासाठीच.

पुन्हा ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि मधल्या काळात निकाल लागला. ब्याण्णव! नियमाप्रमाणे माझा बिल्ला परत गेला, तरी काल मी गेले. ती वर्गातल्या एका मुलीला हाताला धरून घेऊन आली होती. ही अगदी खरीखुरी नापास. म्हणाली, "हिला मी शिकवते. तुम्ही नुसत्या बसा, फार दमलाय." मी बसले. ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते, मावशी. फक्त मधूनमधून मान वर करून मी आहे ना, तेवढं बघते.