टेविताची सुटका

त्सुकुबा, ११ नोव्हेंबर

प्रिय आई,
इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं.

आमच्या रग्बी लीग क्लबातला टेविता, दारातून तिरका होऊन आत येणारा टोंगाचा गडी, करार संपायच्या आधीच मोकळं करा म्हणत होता. दुभाषी म्हणून मी मध्ये बसले. तो म्हणाला, "आई घरी एकटी आहे." हे जपानीत सांगताना मलाच रडू फुटलं. मॅनेजर मोरी-सानांनी टिश्यूचा डबा माझ्यापुढे सरकवून हळूच विचारलं, "नेत्रा-सान, दोघांपैकी नक्की कोण चाललंय?"

टेविताला सोडलं. जाताना तोच माझी समजूत घालून गेला. माझा करार मार्चपर्यंत आहे.

गुडघ्याला तेल लावतेस ना? सुलेखाकाकू सोबतीला येतात का झोपायला?

तुझीच,
नेत्रा