आधी गोळी, मग थर्मामीटर

ठमे,

ताप एकशे दोन झालाय. केमोच्या कार्डावरच्या नंबरला फोन केला, तर नर्स म्हणाली, घरी थांबू नका, ताबडतोब तपासणीला या. शेजारच्या शिंपीणकाकू दुकान बंद करून सोबत येतायत. तू परीक्षेला बसलेली, तुझा फोन बंद.

आता कपाळाला आठ्या घालू नकोस. फ्रिजवरच्या कागदावर मी रोज सकाळी ताप लिहिते ना, त्यातल्या परवाच्या आणि कालच्या आकड्यांवर जाऊ नकोस. दोन्ही दिवस अंग भाजत होतं. मी आधी तापाची गोळी घेतली, घाम येऊन गेल्यावर थर्मामीटर लावलं. तुझा पेपर होईपर्यंत ढकलू म्हटलं. नर्सने कधीपासून ताप आहे विचारलं, तेव्हा खरं सांगायला जीभ रेटेना. आजच आला म्हणाले.

जेवण झाकून ठेवलंय, दोन घास खाऊनच निघ. तो कागद घेऊन ये. मी शुद्धीवर नसले, तर ताप तीन दिवसांचा आहे हे डॉक्टरांना सांग.

शुद्धीवर असले, तरी तूच सांग.

आई