मुकादमाची जागा

३ मार्च

तीर्थरूप मामांस सादर नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. मामीचा गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. सोबतचा फोटो बघून वाटलं नाही. त्यात मुकादम पिकअपच्या उघड्या हौद्यात, तुम्ही केलेल्या दरवाजांच्या चळतीवर शेपूट वर करून उभा आहे. चाकं धूसर आली आहेत, म्हणजे गाडी चालू होती.

मी दिवसभर ब्रेकच तपासते, म्हणून लिहिते. ताशी चाळीसच्या वेगात करकचून ब्रेक लावला, की गाडी थांबते. अठ्ठावीस किलोचा कुत्रा थांबत नाही. तो सेकंदाला अकरा मीटर या वेगाने पुढे निघून जातो. त्याच्या गळ्याला दोर बांधू नका. बाहेर पडला तर फास बसेल. पुढच्या सीटवर घ्या.

हॉस्टेलवर कुत्रा चालत नाही, म्हणून तो तुमच्याकडे दिला. हे फक्त आठवण म्हणून.

तुमचा लोभ आहे असं धरून चालते.
तुमची भाची

८ मार्च

चि. ब्रेक-तपासनीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून परीक्षेला बसल्यासारखं झालं. अगं, तीन वर्षं तो मागे उभा राहतोय! बाजारातून गेलो की लोक आधी त्याला हात करतात, मग मला. पुढच्या सीटवर माझी हत्यारांची पेटी असते. ती मागे घसरली तर रंध्याची धार जाईल. मामी म्हणते, पोरगी खरं बोलतेय. तुझा विषय निघाला की ती लगेच पक्ष बदलते.

उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. वेळेवर जेव.

आमची माया आहेच, तुझीही आटू देऊ नकोस.
मामा

१२ मार्च

ती. मामांस नमस्कार.

म्हणजे रंधा सीटवर आणि मुकादम हौद्यात. हे वाक्य एकदा मोठ्याने वाचा.

सोबत छातीपट्टा आणि आखूड पट्टा पाठवते. छातीपट्टा मुकादमाला घालायचा, आखूड पट्टा पुढच्या सीटबेल्टला अडकवायचा. सूचनांचा कागद आत आहे. जमणार नसेल तर कळवा. एकतीस तारखेला रजा टाकून मी त्याला घेऊन जाईन. कुठे, ते ठरलेलं नाही.

राग नाही. लोभ ठेवावा.
भाची

१९ मार्च

चि. भाचीस मामीचे आशीर्वाद.

हे काही पत्र लिहायला बसत नाहीत, म्हणून मी लिहितेय. बसत नाहीत म्हणजे त्यांना बसताच येत नाही.

तुझं पार्सल आलं. सुतार माणसाने कागद वाचून काम केलं तर त्याची शोभा जाते, म्हणून यांनी तो वाचला नाही. आखूड पट्टा हौद्यातल्या कडीत अडकवला. मग म्हणाले, मुक्या जनावरावर प्रयोग नको, आधी मीच बसून बघतो. दुसरं टोक स्वतःच्या कमरपट्ट्याला, पाठीमागून. मला म्हणाले, वीसवर ने आणि ब्रेक मार. मुकादमाला एकटं कुठे सोडू? पेटी उतरवून त्याला पुढे घेतलं, छातीपट्ट्यातून सीटबेल्ट ओवला.

मी ब्रेक मारला. पट्टा टिकला. कमरपट्टा टिकला. पॅंट टिकली नाही. हे उडाले आणि माकडहाडावर आपटले. हात मागे पोचेना, पट्ट्याचा आकडा निघेना. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, तेव्हा बाजारातून वळसा घालूनच परत यावं लागलं. लोक सवयीने हौद्याकडे हात करत होते. हे एका हाताने पॅंट धरून दुसऱ्याने उत्तर देत होते. मुकादम पुढे नाकासमोर बघत बसला होता.

घरी आले तेव्हा डोळ्यांत धूळ, तापलेल्या पत्र्याने तळवे भाजलेले. मलम लावताना एवढंच म्हणाले, की तीन वर्षांत तो एकदाही कुरकुरला नाही गं.

पेटी आता मागे बांधलेली असते. तू त्याला नेऊ नकोस, असं यांचं म्हणणं आहे. सांगायला लाजतात.

तुझ्यावर जीव असलेली,
मामी

२४ मार्च

ती. मामा-मामींस नमस्कार.

तो पट्टा पस्तीस किलोपर्यंतच्या प्राण्यासाठी आहे. माणसानेही हौद्यात बसू नये. हे वेगळं लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. मामांसाठी मधे भोक असलेली उशी पाठवते. तिच्याबरोबर सूचना नाहीत.

मुकादम तिथेच राहील. मी मात्र एकतीसला येते आहे, पट्ट्याची शिवण तपासायला. त्याला दहा मिनिटं लागतात. रजा चार दिवसांची आहे.

लोभ आहे. अजून मोजलेला नाही.
भाची