वेगाची खालची हद्द

१४ फेब्रुवारी १९८८, आदिलाबाद
आज विनूची तेरवी. बावीस वर्षांच्या पोराची तेरवी बापानं करायची...
डेपोतले सगळे आले. बेल्लमपल्लीहून साडू आला. अंगणात कोणीतरी म्हणालं, "पोरगं विमान लय जोरात उडवत असन." अंगाची आग झाली. इतकी वर्षं बस चालवून राह्यलो, गाडीला एक ओरखडा नाही. माझा पोरगा जोरात? बायको, कमल, आतून ऐकत होती.

२ मार्च
विनूची पेटी आणायला फ्लाइंग क्लबात गेलो. त्याला शिकवणारे कॅप्टनसाहेब भेटले. म्हटलं, "साहेब, खरं सांगा. जोरात होता का?"
"नाही हो. हळू होता. फारच हळू."
समजलं नाही. मग त्यांनी तसल्याच एका विमानात बसवून वेगाचा काटा दाखवला. वर तांबडी रेघ, ती ओलांडली तर विमान मोडू शकतं. तिच्या अलीकडे पिवळा पट्टा, हवा शांत असेल तरच तिथं जायचं. हिरवा रोजचा. पांढरा, पंखांच्या झडपा खाली सोडून उतरतानाचा. अन् काटा पट्ट्यांच्याही खाली गेला की पंख विमान तोलत नाहीत.
बसला हद्द एकच, वरची. खालीही हद्द असते हे आज कळलं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

३ मार्च
काल पुढचं लिहवलं नाही.
उतरायच्या आधीचं शेवटचं वळण. धावपट्टी बाजूला राहत होती म्हणून विनूनं वळण आवळलं, नाक वर ओढलं. इंजिनही कमी केलेलं. तिरपं वळताना ती खालची हद्द वर सरकते म्हणे. "सावरायला उंची नव्हती," साहेब म्हणाले. "घाबरला असेल."
मावल्याच्या रस्त्यावर मीच त्याला जीप शिकवली होती. एकच गोष्ट घोकून घेतली. "भेव वाटलं का पह्यले पाय उचल. स्पीड तोड."

१९ मार्च
ड्यूटीवर. मुधोळ गाडी. वळणावर पाय आपोआप उचलला गेला. गाडी बाजूला घेतली. कंडक्टर म्हणे, "काका, काऊन थांबली?"
"पाणी पाह्यतो," म्हटलं. बॉनेट उघडून उभा राह्यलो. पाणी भरपूर होतं.

२७ मार्च
दुपारी कमल तांदूळ निवडत होती. एकदम म्हणाली, "क्लबात काय म्हणले ते? मले काऊन सांगत नाई?"
सांगितलं. काटा, हद्द, वळण. शेवटी जीपवर शिकवलेलंही सांगितलं. तिचे हात थांबले. मग म्हणाली,
"तुमचं त्यानं कवा ऐकलं?"
समजूत घातली की बोल लावला, कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.