घडी न घालता पाठवायची यादी

कुम्बो,
३ सप्टेंबर २०१८

चि. लुकोंग यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र तांग्वाकाकांच्या टोपीच्या अस्तरातून माझ्यापर्यंत सुखरूप पोचलं. दीड वर्ष झालं, शहरापर्यंतचं आमचं टपाल खातं म्हणजे काकांची बस आणि टपालपेटी म्हणजे त्यांची टोपी. जुलैत फोनचा मनोराही जाळला. कुणी जाळला हे विचारू नकोस. सैनिक म्हणतात वेगळा देश मागणाऱ्या जंगलातल्या पोरांनी, पोरं म्हणतात सैनिकांनी. जळणारं घर आपलं असतं, एवढंच नक्की.

मी गणित शिकवत होते ते विद्यापीठ बंद झालं म्हणून मी घरी आले, पण वर्ग बंद केलेला नाही. फ्रेंचवाल्या सरकारच्या शाळेत आपल्या इंग्रजीवाल्या मुलखातलं कुणी जायचं नाही असा जंगलातल्या पोरांचा हुकूम आहे. पुस्तक घेऊन रस्त्यात दिसलं तर मार, शिकवताना सापडलं तर त्याहून वाईट. म्हणून बंद पडलेल्या कॉफी सोसायटीच्या वाळवणाच्या गोदामात आम्ही बसतो. जुन्या बॅटरीतली काळी पूड फासून दाराचा फळा केलाय. सात विद्यार्थी आहेत. मुली पाठीवर मक्याच्या टोपल्या घेऊन येतात, वह्या मक्याखाली.

त्यातली बेरिन्युय तुला सांगण्यासारखी आहे. तुमच्या गणिताच्या प्राध्यापक ब्रुनिंगबाईंनी आपल्या दोन्ही विद्यापीठांच्या करारात जाळ्यांचा जो प्रश्न मांडलाय, किती दुवे तोडले म्हणजे जाळं तुटतं, त्याची अर्धी सिद्धता या पोरीने केली. कशी सुचली विचारलं, तर म्हणाली की बाई, रोज झाडं पाडून रस्ते अडवतात, मी रोज नवी वाट काढत येते, पायांना आधी कळलं, डोक्याला नंतर. तिची पानं सोबत आहेत. तिला तिकडे पीएच.डी.ला जागा मिळालीच पाहिजे. इथे राहिली तर एक तर लग्न लागेल, नाहीतर गोळी.

तू जेवतोस ना वेळेवर? की तिकडच्या गाड्यांसारखं मिनिट बघून? इथल्या थंडीत मक्याच्या पिठाच्या फुफूवर न्जामान्जामाची गरम पालेभाजी वाढून घेताना तुझी आठवण काढते आणि तुझा वाटाही खाते.

माया आहे तेवढीच ठेव, वाढवलीस तरी हरकत नाही.
तुझी ताई,
किन्युय


हाल्बेनस्टाइन, जर्मनी
२१ सप्टेंबर २०१८

ती. किन्युयताईस,
लुकोंगचा सा. न. वि. वि.

माझा वाटा खाल्लास तो पचू नये, ही देवाकडे प्रार्थना. इथे संध्याकाळी लोक गार पाव आणि गार मांस खातात आणि त्याला जेवण म्हणतात.

ब्रुनिंगबाईंनी बेरिन्युयची पानं वाचली. मग म्हणाल्या की या मुलीला मी घेणार. ताई, या बाई सहसा कुणाला चांगलं असंही म्हणत नाहीत!

आता काम ऐक. करारानुसार जागा द्यायची तर तिकडे वर्ग खरोखर चालतो याचा पुरावा लागतो. इथल्या विद्यापीठाच्या सहकार्य कचेरीचा छापील हजेरीपट सोबत आहे. प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि सही. तारीख तीस नोव्हेंबर. त्यानंतर जागा दुसऱ्या देशाला जाते. आणि एक, मूळ कागद हवा, घडी न घातलेला. मी दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठवलाय, तसाच परत कर. त्यांचं यंत्र घडीचे कागद बाहेर फेकतं.

मी आता या कराराचा इथला समन्वयक आहे, हे सांगायचं राहिलं. दारावर माझ्या नावाची पाटी लागली. बाबा असते तर त्यांनी ती पुसायला रोज फडकं मागितलं असतं.

तुझ्या रागासकट तू मला हवी आहेस, हे धरून चाल.
तुझा,
लुकोंग


कुम्बो,
८ ऑक्टोबर २०१८

चि. लुकोंग,
अ. आ.

पाटीचं वाचून मी आणि शेजारीण दोघी नाचलो. आता खाली बस आणि नीट वाच.

गेल्या मंगळवारी पलीकडच्या टेकडीवरच्या शाळेच्या हेडमास्तरांना पोरांनी बाजारात गुडघ्यावर बसवलं. गुन्हा काय, तर त्यांच्या घरात परीक्षेच्या उत्तरपत्रिका सापडल्या. बायकोसमोर मारलं. गुरुवारी सैनिक आले. हेडमास्तरांचे मारेकरी शोधतो म्हणाले आणि बाजाराच्या मागची अकरा घरं पेटवली. एका घरात आजारी म्हातारा होता. तो बाहेर आला नाही. धुराचा वास अजून माझ्या केसांत आहे.

आणि या गावात तू मला सात पोरांची नावं, बापाची नावं, गावं एका कागदावर लिहायला सांगतोस! अरे, ही हजेरी नाही, हा घरांचा नकाशा आहे. बाबा म्हणायचे ना, शेळ्या मोजाव्यात, माणसं मोजू नयेत? आपण हसायचो. गणितवाल्यांच्या घरात असलं खूळ कसलं म्हणून. इथे जर्मनांचं राज्य होतं तेव्हा त्यांच्या आजोबांचं नाव जर्मन साहेबाने ओझेवाल्यांच्या यादीत लिहिलं होतं. किनाऱ्यापर्यंत गेलेल्या त्या यादीतलं एकही माणूस परत आलं नाही. तोच देश शंभर वर्षांनी पुन्हा यादी मागतो. या वेळी हेतू चांगला आहे, मला मान्य आहे. पण मारणारा हेतू वाचत नाही, नाव वाचतो.

मी तुम्हाला पुरावा द्यायला तयार आहे. सोबत हजेरीपट आहे. नावांच्या जागी मूळ संख्या लिहिल्यात, दोन, तीन, पाच, सात अशा, आणि सहीच्या जागी प्रत्येकाने आपापली खूण काढलीय. ब्रुनिंगबाई गणिती आहेत, त्यांना कळेल. तू त्यांच्यासमोर उभा राहा आणि सांग, की जिथे वही बाळगणं हा गुन्हा आहे तिथे सही मागू नका. पाटी दारावर आहे, तोंडावर नाही.

रागावले असले तरी तुझीच,
किन्युय


हाल्बेनस्टाइन
२४ ऑक्टोबर २०१८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कचेरीने मूळ संख्यांचा कागद परत केला. पारपत्रावरच्या नावाशी जुळलं पाहिजे, म्हणाले. मी खूप बोललो. भिंतीशी बोलावं तसं.

आता रागावू नकोस. तुझं भाषण मी इथे कुणाला दाखवू? भाषणाने जागा मिळत नाही, कागदाने मिळते. मी हिशेब मांडलाय. दीड वर्षात काकांच्या बसच्या चाळीस खेपा झाल्या. झडती तीनदा. पत्र एकदाही सापडलं नाही. म्हणजे धोका चाळिसात एकाहून कमी. उलट बेरिन्युय तिथेच राहिली तर काय होईल ते तूच लिहिलंयस. तुझ्याच विद्यार्थ्याला तू हे गणित घातलंस तर तो काय उत्तर देईल?

नवा कोरा पट पुठ्ठ्यांत घालून पाठवतोय. कृपा करून घडी घालू नकोस.

तुझ्या शब्दापुढे मी अजूनही लहान आहे, पण या एका वेळी माझं ऐक.
लुकोंग


कुम्बो,
५ नोव्हेंबर २०१८

चि. लुकोंग,
आशीर्वाद.

मी त्यांना विचारलं. धोका सांगितला, तुझं चाळिसातलं एकही सांगितलं. सहीसाठी बेरिन्युय आधी उठली. मग बोंगफेन. तो वर्गातला विदूषक. म्हणाला की बाई, वडिलांचं नाव मागतात म्हणजे तिकडे लग्नाचंच बघत असणार, माझं जरा ठळक लिहा. सगळे हसले. सातही सह्या झाल्या.

कोरे पट काकांनी उघड आणले, पण नावं लिहिलेला पुठ्ठा लपवायला हवा आणि तो टोपीत मावत नाही. काका ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवणार आहेत. जाताना म्हणाले की पोरी, हे काय आहे मला सांगू नकोस, मला खोटं बोलता येत नाही.

तुझं गणित बरोबर निघो.
ताई


कुम्बो,
२ डिसेंबर २०१८

लुकोंगदादा यांस,
बेरिन्युयचा स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. बाई लिहू शकत नाहीत म्हणून मी लिहिते. त्या जिवंत आहेत, हे पहिल्यांदा वाचा. मग पुढचं.

तांग्वाकाकांची बस नदीपाशी जंगलातल्या पोरांनी थांबवली. टोपी नेहमीसारखी पाहिली नाही. सीट उचलली, पुठ्ठा दिसला. शिक्का परदेशी, नावं इथली. काकांना काठ्यांनी बडवून बस त्यांच्यासमोर पेटवली. काकांच्या एका डोळ्याने आता दिसत नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी ते गावात आले. दर सोमवारी त्यांच्याच हुकमाने बंद असतो, बाजार नाही, रस्त्यावर कुत्रंही नसतं. सगळे घरात सापडणार हे त्यांना ठाऊक होतं. बोंगफेनचं गाव नदीच्या बाजूला, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. त्याने दार उघडलं. नाव विचारलं, त्याने सांगितलं. अंगणात त्याच्या आईसमोर त्याला कोयत्याने मारलं. एका घावात झालं नाही.

तिथून ते आमच्या घरी आले. कागद त्यांच्या म्होरक्याच्या हातात होता, अजूनही घडी नसलेला. मला केसांना धरून बाहेर ओढलं. तेवढ्यात बाई आल्या. किंकाळ्या ऐकून टेकडीवरून धावत आल्या होत्या, पायात चप्पल नव्हती. म्हणाल्या की मूर्खांनो, हिला कशाला धरता, ही यादी खोटी आहे. मला परदेशी जायचं होतं, म्हणून गावातली सात नावं उचलली आणि सातही सह्या मीच केल्या. या पोरांना काहीच माहीत नाही.

म्होरक्या हसला. म्हणाला की म्हातारे, आम्हाला शेणात लोळवतेस काय, सात सह्या सात हातांच्या आहेत. बाई म्हणाल्या की पेन आण.

दादा, त्यांनी आमच्या ओट्यावर बसून कागदाच्या मागे सात सह्या केल्या. माझ्या सहीतला शेवटचा वाकडा फाटा, बोंगफेनचं ते फुगवलेलं पहिलं अक्षर, सगळं. चार वर्षं त्यांनी आमच्या वह्या तपासल्या, आमचे हात त्यांना आमच्याहून जास्त माहीत. म्होरक्याने दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा उलटून पाहिल्या. मग म्हणाला की खरंच, थेरडीनेच केल्यात. आणि म्हणाला की असला हात ठेवून चालणार नाही.

ओट्यावरच केलं. उजव्या हाताची चार बोटं. बाई ओरडल्या, पण आमच्यापैकी कुणाचं नाव त्यांच्या तोंडून गेलं नाही. उरलेल्या पाच घरी ते गेले नाहीत.

मिशनच्या दवाखान्यात त्यांची जखम भरते आहे, हे पत्रही दवाखान्याच्याच गाडीने जाईल. पत्र कोरडं झालं असेल तर माफ करा, मला अजून रडू आलेलं नाही.
बेरिन्युय


हाल्बेनस्टाइन
१९ डिसेंबर २०१८

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. याहून खाली वाकता येत नाही.

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. मी भिंतीशी बोललोच नव्हतो. तुझं ऑक्टोबरचं पत्र मी ब्रुनिंगबाईंना दाखवलंच नाही. नवा माणूस, पहिल्याच महिन्यात नियमाविरुद्ध तक्रार घेऊन गेला, असं त्यांना वाटेल म्हणून. मूळ संख्यांचा कागद मी कचेरीच्या खिडकीत सरकवला आणि नाही म्हणताच मुकाट परत घेतला.

बेरिन्युयचं पत्र घेऊन मी काल बाईंकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग कपाटातून कोरा हजेरीपट काढला आणि उलटा करून माझ्यासमोर ठेवला. मागे बारीक जर्मन अक्षरात छापलंय, की जिथे सह्या मिळणं शक्य नाही तिथे समन्वयकाने स्वतःच्या जबाबदारीवर लिहून दिलेला दाखला पुरेल. समन्वयक मी आहे. एक सही लागत होती, माझी. बाई एवढंच म्हणाल्या की मला तेव्हा का नाही सांगितलंस. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि माझं चाळिसातलं एक. त्या चाळीस खेपा टोपीतल्या पत्रांच्या होत्या, ताई. नावांचा पुठ्ठा सीटखालून जाण्याची ती पहिलीच खेप होती. पहिल्या वर्षाचा पोरगाही ही चूक करत नाही.

तारीख उलटली होती, तरी बाई स्वतः कचेरीत जाऊन बसल्या. मी दाखल्यावर सही केली. जागा बेरिन्युयची आहे, मार्चपासून. दारावरची पाटी मी काढली. मी तिकडे येतो. तू म्हणशील ती शिक्षा दे.

लोभाची मागणी करायला मला तोंड नाही.
लुकोंग


कुम्बो,
१४ जानेवारी २०१९

चि. लुकोंग,

अक्षर वाकडं आहे. डाव्या हाताने गोदामाच्या दारावर गिरवते आहे. सहा पोरं मागे बसून हसतात. बोंगफेन असता तर सगळ्यात मोठ्याने हसला असता.

येऊ नकोस. पाटी परत लाव. तुला शिक्षा हवी ना? मग त्या खुर्चीत बस आणि जिथून जिथून असा कागद मागतील तिथे तिथे त्यांच्यासमोर तो उलटा करून दाखव. जन्मभर दाखव. कुठल्याही गावातल्या पोराची सही तुझ्या सहीआधी घ्यायची नाही. इथे मरायला येणं त्याहून सोपं आहे, म्हणून ते तुला मिळणार नाही.

माफीचं आत्ता विचारू नकोस. पत्र लिहिते आहे, एवढं पुरे.

बेरिन्युय फेब्रुवारीत निघेल. सिद्धता पूर्ण झाली. मधली एक पायरी बोंगफेनची आहे, त्याच्या वहीत होती, वही बेरिन्युयच्या टोपलीत मक्याखाली राहिली म्हणून वाचली. लेख छापशील तेव्हा त्याचं नाव घाल. मूळ संख्या नको. कचेरीला हवं होतं तसं पूर्ण लिही. नाव बोंगफेन, वडिलांचं नाव वीरबा, गाव किताव. ठळक लिही, त्याला तसंच हवं होतं. आता त्या नावाला कुणाचं भय नाही.

आपल्याकडे डाव्या हाताने कुणाला काही देत नाहीत. हा आशीर्वाद डाव्या हाताचा आहे. घे.

ताई